बेणणीचं मशीन, नोंद ३: तीस तासांनंतर

मशीन: खांद्याला पट्ट्याने अडकवायचं ४३ सीसी टू-स्ट्रोक ग्रास कटर. काम: आंबा-काजूच्या बागेतली बेणणी (गवत-झुडपं कापून साफ करणं), जांभ्याची उताराची जमीन. या टप्प्यात दोन दोष निघाले आणि दोन्हींचं मूळ इंजिनात नाही, पेट्रोल आणि त्याच्या वाटेत.

पहिला दोष. मशीन दहा मिनिटं व्यवस्थित चालतं, मग दम तोडतं. टाकीचं झाकण सैल केलं की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा चालू होतं. कारण झाकणातलं हवेचं बारीक छिद्र गवताच्या भुग्याने बुजलेलं. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते. झाकण काढून साध्या पेट्रोलने धुतलं, सुकवलं, काम झालं. मात्र हे तपासायला गरम मशीनचं झाकण उघडायचं नाही. तापलेल्या टाकीत उलट दाबही असू शकतो. मग पेट्रोल उडतं आणि सायलेन्सर वीतभर अंतरावरच असतो. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, झाकण आधी अर्धा फेरा सैल करून दाब सुटू द्यायचा, मग पूर्ण काढायचं.

पेट्रोल भरतानाही हाच नियम. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, आळ्यात, खोलगट जागेत, मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) जमिनीलगत साचते. म्हणून भरायचं ते उघड्यावर, मशीन जमिनीवर ठेवून, फनेल लावून, वर बोटभर जागा सोडून. सांडलेलं पुसून त्या जागेपासून किमान तीन मीटर लांब नेऊन दोरी ओढायची. मांगरात बसून चालू करून बघणं तर नकोच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसरा दोष जास्त शिकवणारा. थंड असताना चालू होतं, पण ॲक्सिलरेटर दाबला की गुदमरतं. कार्बोरेटर उघडल्यावर डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) बोटाला कडक लागला, टाकीतली नळीही ताठ झालेली. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकेत परवानगी १० टक्क्यांचीच असते. इथेनॉल जुनं रबर खातं. शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धा कॅन महिनाभर पडून राहिला तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरू शकतात. टाकीतली गाळणी तळातच बसते, म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा तेच मिळतं, आणि त्या थरात पेट्रोलात मिसळलेलं ऑइल जवळपास नसतं. पिस्टन चिकटायला एवढं पुरे.

खात्री करायची तर उघड्यावर, विस्तवापासून लांब, मापाच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली साधं पेट्रोल घालून हलवा, पाच मिनिटं ठेवा. खालचा थर १० मिलीवरच राहिला तर इथेनॉल नाही. २० टक्क्यांचं असेल तर तो २५ मिलीच्या वर जातो. हे पेट्रोल परत टाकीत घालू नका.

मिश्रण आता असं. पुस्तिकेत १:२५ असेल तर लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल), १:५० असेल तर २० मिली. अंदाजाने झाकणभर नाही, औषधाच्या सिरिंजने मोजून. आधी निम्मं पेट्रोल, त्यात सगळं ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल यात चालत नाही. ते नीट जळत नाही, प्लग काळा होतो, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते. मिश्र आणि साध्या पेट्रोलचे कॅन वेगळ्या रंगाचे, मिश्र कॅनवर तारीख. एका वेळी दोन लिटरच करायचं, पंधरा दिवसांत संपेल एवढं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल ठेवणं हा शुद्ध वेडेपणा, त्यावर अधिक काय लिहायचं.

नवा डायफ्रॅम संच आणि नळी टाकल्यावर मशीन सुरळीत. प्लगचं अंतर ०.६ मिमी, टोक विटकरी रंगाचं. पांढुरकं दिसलं असतं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन (पेट्रोल कमी), म्हणजे इंजिन जास्त तापतंय. पात्याजवळच्या गिअर हेडमध्ये २५ तासांनी ग्रीस भरलं.

पात्याबद्दल थोडंसं. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून वार उजवीकडून डावीकडे. घड्याळात १२ ते २ वाजतात त्या भागाने झुडपाचं खोड कापायला गेलं की मशीन झटक्याने मागे येतं. पात्याच्या नटाला उलटे आटे असतात, सोडवायला उजवीकडे फिरवायचा. प्लगची टोपी काढल्याशिवाय हात लावायचा नाही. जांभ्याचे खडे लांब उडतात: गार्ड, चष्मा, बूट, आणि १५ मीटरच्या आत कोणी नको. लहान कलमांच्या बुंध्याशी पात्याऐवजी लावायची नायलॉन दोरीसुद्धा नको, साल गोल सोलली तर कलम गेलं. तिथे कोयतीच बरी.

पुढचा टप्पा ५० तासांवर: सायलेन्सरची जाळी, क्लच आणि एअर फिल्टरचा स्पंज.