जपानी वक्तृत्व स्पर्धेचे दिवस

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा पार पडली, की आमच्या वर्गातल्या मंडळींना वक्तृत्व स्पर्धेचे वेध लागत. पुण्यातल्या जपानीच्या शिक्षकांनी आणि जपान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन परतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ही स्पर्धा भरवायची, मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाने तिला पाठबळ द्यायचे आणि विजेत्यांनी पुढे दिल्लीच्या अंतिम फेरीला जायचे, अशी तिची रीत होती. त्या काळी प्रावीण्य परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या (पाच झाल्या त्या २०१० पासून), आणि आमच्यातले बहुतेक जण सर्वांत खालच्या, चौथ्या पातळीवर घुटमळत होते. तरीही भाषणासाठी नाव द्यायला कोणी कचरत नसे, कारण तसा पर्यायच आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षिकाबाईंनी, ठेवलेला नसे.

सेन्सेई मराठीच होत्या. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून, काही काळ जपानमध्ये राहून त्या परतल्या होत्या, आणि भाषणाचा कच्चा मसुदा हाती पडताच तो लाल शाईने इतका रंगवून परत देत की मूळ वाक्य कोणते, हे आम्हालाच शोधावे लागे. ‘जपानविषयी बोलू नका, पाहुण्यांना जपान माहीत आहे, तुमच्या घरातले, गल्लीतले काहीतरी सांगा,’ असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे साकुरा म्हणजे चेरीचा बहर, फुजीसान म्हणजे फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन यांच्यावरची भाषणे सरावातच बाद होत आणि मंचावर गणपतीची वर्गणी, आजीची वाकळ, वारीतला मुक्काम असे विषय येत.

स्पर्धेच्या दिवशी दूतावासातले सांस्कृतिक विभागाचे अधिकारी मुंबईहून येत. वेळेच्या बाबतीत पुणेकर आणि जपानी यांचे मुळातच जमते, त्यामुळे दीपप्रज्वलन आणि स्वागत झटपट उरके. त्यानंतर मात्र हा पाहुणा सकाळी पहिल्या स्पर्धकापासून संध्याकाळच्या शेवटच्या स्पर्धकापर्यंत खुर्चीवरून हलत नसे. आपल्याकडे प्रमुख पाहुणे उद्घाटन करून ‘पुढील कार्यक्रमासाठी’ निघून जातात, याची सवय असलेल्या आमच्या पालकांना त्याचे फार अप्रूप वाटे. दूतावासाच्या निमित्ताने पुण्यात ताइको ढोलांचे कार्यक्रम, इकेबाना या पुष्परचनेची प्रात्यक्षिके आणि चित्रपट महोत्सवही झाले. आम्ही ते हौसेने पाहिले आणि टाळ्या वाजवून घरी आलो. पण एखाद्या देशाचा प्रतिनिधी दिवसभर बसून आमची तोडकीमोडकी जपानी, व्याकरणाच्या चुकांसकट, मान डोलावत ऐकतो आहे, यात त्या देशाविषयी जो आपलेपणा वाटला, तो कोणत्याही देखण्या कार्यक्रमाने वाटला नाही, असे माझे मत आहे.

खरी कसोटी भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांची असे. पाठ केलेले भाषण कोणीही रेटून नेई, पण परीक्षकांचा एक साधा प्रश्न आला की भल्याभल्यांची भंबेरी उडे. दुपारी एक ते चार दुकाने बंद ठेवण्याच्या पुणेरी प्रथेवर एका मुलीने भाषण केले होते. परीक्षकांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, की मग त्या वेळेत दुकानदार काय करतात. तिने क्षणभर छताकडे पाहिले आणि ‘नेमासु’, म्हणजे ‘झोपतात’, एवढे एकाच शब्दाचे उत्तर दिले. सभागृहात हशा पिकला आणि त्या वर्षी कनिष्ठ गटात तिचा दुसरा क्रमांक आला. साताऱ्याकडच्या एका मुलाने घरच्या बैलांविषयी सांगितले, तेव्हा त्यांची नावे काय, असा प्रश्न आला; तो इतका खुलला की वेळ संपल्याची घंटा दोनदा वाजवावी लागली. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येत असल्यामुळे मराठी मुलांना मनातली वाक्ये उलटीपालटी करावी लागत नाहीत, आणि असे भरात आल्यावर तो फायदा चांगलाच जाणवतो.

दोन्ही देशांच्या राजनैतिक संबंधांना १९५२ पासून मोजता पन्नास वर्षे झाली, त्या २००२ च्या सुमाराची एक स्पर्धा मला विशेष आठवते. परीक्षकांमध्ये टोकियोत वाढलेल्या एक वयस्क बाई होत्या. निकालाआधीच्या छोट्या भाषणात त्यांनी उएनोच्या प्राणिसंग्रहालयातल्या ‘इंदिरा’ हत्तिणीची गोष्ट सांगितली. युद्धकाळात तिथले हत्ती मारले गेले होते. पुढे जपानी मुलांनी हत्तीसाठी नेहरूंना पत्रे लिहिली आणि १९४९ मध्ये त्यांनी स्वतःच्या मुलीचे नाव दिलेली ही हत्तीण टोकियोला पाठवली. तेव्हा दोन्ही देशांत राजदूतांची देवाणघेवाणही सुरू झालेली नव्हती. लहानपणी तिला पाहायला आपण रांगेत कसे उभे राहिलो, हे त्या बाई अगदी सोप्या, चौथ्या पातळीच्या जपानीत सांगत होत्या. आम्हाला सगळे कळावे म्हणून त्यांनी शब्द निवडून घेतले होते, हे नंतर सेन्सेईंनी लक्षात आणून दिले.

सभागृहाबाहेर व्हरांड्यात वेगळीच जत्रा भरे. एका टेबलावर ओरिगामी, दुसऱ्यावर कुंचला आणि काळी शाई घेऊन आपले नाव जपानी लिपीत लिहून घेण्यासाठी झुंबड, आणि कोपऱ्यात युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसवून देण्याची सोय. एकदा एका मैत्रिणीच्या आजींना आमच्यापैकी कोणीतरी युकाता नेसवला तो उजवी बाजू वर घेऊन. तशी पद्धत फक्त मृताला नेसवताना असते. दूतावासातल्या एक बाई चहाचा कप ठेवून धावत आल्या, माफी मागत मागत त्यांनी डावी बाजू वर घेतली आणि ओबी, म्हणजे कमरपट्टा, नीट बांधून दिला. कारण कळल्यावर आजी म्हणाल्या, ‘अगं, वय झालंच आहे, पण इतकी घाई नको,’ आणि याचे जपानी भाषांतर करायला आमच्यातला एकही शूर पुढे आला नाही.

शिष्यवृत्तीचे माहितीपत्रक ठेवलेले टेबल सकाळी ओस असे आणि बटाटेवड्यांच्या सुट्टीनंतर तिथे गर्दी होई. मोनबुशो म्हणून आम्ही जिला ओळखत असू, ती जपानी शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती कोणाला मिळू शकते, लेखी परीक्षा आणि मुलाखत कशी असते, भाषा शिकणाऱ्यांसाठी एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम कोणता, हे तिथे जाऊन आलेलेच समजावून सांगत. वडीलमंडळी मात्र एकच प्रश्न विचारत, की परत आल्यावर नोकरी काय मिळेल. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या आणि मोटार उद्योगातल्या कंपन्यांना पुण्यात दुभाषे हवे झाले, आणि तो प्रश्न मागे पडला.

सिंहगड रस्त्यावर जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचे पु. ल. देशपांडे उद्यान २००६ मध्ये खुले झाल्यावर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तिथे फिरायला जाण्याचा प्रघातही काही वर्षे होता, पण हळूहळू सर्वांच्या नोकऱ्या आड आल्या.

आमच्या वर्गातले दोघे आता स्वतःच परीक्षकांच्या टेबलावर बसतात. प्रश्नोत्तरांत ते जपानी पाहुण्यांपेक्षा कितीतरी कडक असतात, अशी नव्या मुलांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.