‘गडबड’मधले दोन ‘ड’

कॅफेच्या पाटीवर, टी-शर्टवर, नाटकाच्या जाहिरातीत हल्ली ‘रेट्रो’ अक्षरं हटकून दिसतात. कुणीतरी कात्रीनं रंगीत कागद कापून भराभर चिकटवल्यासारखी. एक अक्षर डावीकडे कललेलं, शेजारचं जरासं वर सरकलेलं, आणि गोल म्हणावा तर त्यालाही चार-पाच कोपरे. लांबून पाहिलं तर थेट १९५५ सालची अमेरिका. जवळ गेलं की सोंग उघडं पडतं, आणि ते ओळखायला फार मोठा जाणकार लागत नाही. ‘गडबड’ हा शब्द घ्या. पहिल्या ‘ड’चं पोट जिथे चुकून तिरकं कापलं गेलंय, तिथेच दुसऱ्याचंही. तितकंच आणि तसंच. कात्रीची चूक हुबेहूब दोनदा होत नाही. ती कीबोर्डची.

या कात्रीचं श्रेय बहुतेक वेळा अमेरिकन ग्राफिक डिझायनर सॉल बास यांना दिलं जातं. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांच्या १९५५ आणि १९५९ सालच्या दोन चित्रपटांसाठी त्यांनी केलेल्या कापीव हातापायांच्या आकृत्या आणि त्यांच्या जोडीची ओबडधोबड अक्षरं लोकांच्या डोळ्यांत बसली ती कायमची. पण त्यामागे नुसती हौस नव्हती. छापखान्यातली शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, साधारण ७२ पॉइंटपर्यंत, म्हणजे जेमतेम इंचभर. त्याहून मोठं अक्षर हवं तर लाकडी टाइप, नाहीतर फोटोनं मोठं करायचं, म्हणजे कडांचे दोषही सोबत मोठे. त्यापेक्षा नाव हातानं काढावं किंवा कापावं आणि त्याचा सरळ छपाईचा ब्लॉक करावा, हे सोयीचं.

गंमत म्हणजे याच दशकात अगदी दुसऱ्या टोकाची, कडक इस्त्रीची अक्षरंही जन्मली. स्वित्झर्लंडच्या हास या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीचा ‘नॉय हास ग्रोटेस्क’ हा टाइप १९५७ चा. १९६० साली त्याचं बारसं ‘हेल्वेटिका’ असं झालं. आड्रियन फ्रुटिगर यांचा ‘युनिव्हर्स’ही १९५७ चाच. म्हणजे ‘पन्नासच्या दशकाचा फॉन्ट द्या’ म्हणणाऱ्याला हेल्वेटिका दिला तर ते खोटं ठरणार नाही. पण गिऱ्हाईक भडकेल, कारण त्याला कात्री हवी असते.

या दोन टोकांच्या मधे फ्रान्समधल्या मार्सेयचे अक्षरकार रोजे एक्सकोफाँ. त्यांचा ‘मिस्त्राल’ १९५३ चा. चक्क हस्ताक्षर, तेही शिशात ओतलेलं. प्रत्येक अक्षराची शेपटी शेजारी कोणीही आलं तरी त्याला भिडली पाहिजे, आणि प्रत्येक अक्षराचा खिळा मात्र एकाच घडणीचा. त्यांनी सगळ्या अक्षरांत मिळून बेशिस्त अशी वाटून टाकली, की एकच अक्षर परत आलं तरी नजर तिथे अडखळत नाही. आजच्या बऱ्याच रेट्रो फॉन्टवाल्यांना हे अजून साधलेलं नाही.

संगणकावर यावर उपाय आहे. एका अक्षराची अनेक रूपं करायची आणि कुठे कोणतं वापरायचं याचे नियम फॉन्टमध्येच लिहायचे. हाउस इंडस्ट्रीज या अमेरिकन कंपनीनं अक्षरकार एड बेंगिएट यांच्या अक्षरांवरून केलेल्या ‘एड इंटरलॉक’मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या अक्षरजोड्या हजाराहून जास्त आहेत. आपल्याकडे हौशी माणूस दोन रूपं करतो आणि ती आलटून पालटून लावतो. मग ‘गडबड’मध्ये ग पहिल्या रूपात, ड दुसऱ्या, ब पहिल्या आणि ड पुन्हा दुसऱ्या! केलेलं काम पाण्यात. तीन रूपं केली तर ‘गडबड’ सुटते, पण ‘परतपावली’ फसते, कारण पहिल्या आणि चौथ्या जागेवरचे ‘प’ परत जुळे निघतात. म्हणून नियम जागेवर बांधू नये, अक्षरावर बांधावा. मागच्या चार-पाच अक्षरांत हेच अक्षर येऊन गेलंय का? आलं असेल तर दुसरं रूप. रोमनमध्ये २६ कॅपिटलांची तीन-तीन रूपं म्हणजे ७८ चित्रं. मराठीत ३४ व्यंजनं, त्यांची पूर्ण आणि अर्धी रूपं, प्रत्येकाचे तीन प्रकार म्हणजे २०४. स्वर, जोडाक्षरं आणि रफार अजून दारातच उभे आहेत.

खरी मारामारी शिरोरेघेशी. रोमन अक्षरं सुटी असतात, ती उड्या मारू शकतात. आपली सगळी एका दोरीवर वाळत घातलेली. एक खाली सरकलं की दोरी तुटते. मग काही जण शिरोरेघच काढून टाकतात. दिसायला छान, पण म-भ आणि घ-ध या जोड्यांतला फरक रेघेतल्या खंडावर आणि डावीकडच्या छोट्या वळणावर टिकलेला असतो. रेघ गेली, कात्रीनं वळणाचा चौकोन केला, की ‘भरत’चा ‘मरत’ होतो. दुकानाच्या पाटीवर हे परवडत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक अक्षराला रेघेचा स्वतःचा तुकडा द्यावा आणि तुकडे एकमेकांवर थोडे चढवावेत, कौलांसारखे. दहा सेंटिमीटर रुंद अक्षर दोन अंशांनी कललं तर त्याचं एक टोक साडेतीन मिलिमीटर उचललं जातं. रेघ पंधरा मिलिमीटर जाड असेल तर एवढी पायरी गोड दिसते. सहा अंश केले की उचल दहाच्या पुढे जाते आणि रेघ मोडल्यासारखी दिसते. आणि कल डावा-उजवा-डावा-उजवा असा तालात नको, ती कवायत होते. दोन अक्षरं एकाच बाजूला, एक जवळजवळ सरळ, मग एक उलट, असं चालू द्यावं.

अक्षरातली पोकळीही कात्रीच्या हिशेबानं हवी. बंद भोकात कात्री शिरत नाही; तिथे ब्लेड लागतं, आणि ब्लेड सरळ रेषेत चालतं. म्हणून ‘व’चं पोट तीन-चार कापांचं, लहान आणि मधोमध नसलेलं असावं. बाहेरची कड कापीव आणि आतली पोकळी कंपासनं काढल्यासारखी गोल, ही चूक फार ठिकाणी दिसते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ मात्र जपावी. ती बुजली तर ‘बाबा’चे ‘वावा’ होतात.

ओळींचंही तसंच. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डची कव्हरं रीड माइल्स करत. त्यांच्यासारखी घट्ट रचलेली अक्षरं सगळ्यांनाच हवी असतात. रोमन कॅपिटलांना ते सोपं जातं. १०० पॉइंटच्या हेल्वेटिकात कॅपिटल साधारण ७२ पॉइंट उंच, म्हणून ८० पॉइंटांवर ओळ बसवली तरी आठ पॉइंट मोकळे राहतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. तेव्हा आधी शब्द कुठे तोडायचे ते पाहावं, उकाराखाली काना येईल असं जुळवावं. नाही जमलं तर ओळींमधलं अंतर मुकाट्यानं अक्षराच्या मापाच्या १२० टक्क्यांवर न्यावं.

छपाईचा आव आणतानाही लोक घसरतात. रंग जरासा सरकलेला दाखवायचा तर तो रंग सगळ्या कागदावर एकाच दिशेनं सरकवावा, अर्धा मिलिमीटर पुरे. जुन्या छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असे, आणि सरकली तर पूर्ण प्लेट सरकायची. इथे डावीकडे, तिथे वर असं कधी होत नव्हतं. दोन रंग एकमेकांवर आले तर खालचा लपू नये, पिवळ्यावर निळा आला तर तिथे हिरवा दिसावा. आणि ते तपकिरी डाग, खरखर, पिवळट कागद? ते वयाचं काम आहे. त्या काळी ही पोस्टरं पांढऱ्या कागदावर लख्ख छापलेली होती.

मराठीत प्रत्येक नावाला स्वतःचा चेहरा द्यायची परंपरा आपलीही आहे. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत कमल शेडगे यांचं अक्षर पाहूनच नाटक हसवणार की रडवणार याचा अंदाज यायचा. तिथे फॉन्टचा प्रश्नच नव्हता, लागत होती ती फक्त त्या नावाची पाच-सहा अक्षरं.

तेव्हा एकच शब्द हवा असेल तर फॉन्टच्या मागे लागू नये. काळा कार्डपेपर घ्यावा, दहा सेंटिमीटर उंच अक्षरं कापावीत, कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा म्हणजे काप लांब आणि सरळ येतात. पेन्सिलीनं फक्त वरची आणि खालची रेघ, बाकी काही आखू नये. पांढऱ्या कागदावर मांडून वरून फोटो काढला की काम झालं. मात्र दुसरा ‘ड’ कापताना पहिला खाली ठेवून गिरवायचा मोह होतो, तेवढा आवरावा.