कालचं पाणी

सकाळी नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत पहिला आवाज भरण्याचा येत नाही, ओतण्याचा येतो. कालची घागर मोरीत उपडी होते, कळशी तिच्या मागोमाग, पिंपाचा तळ खळखळतो. मग चिंच-मीठ लावून घागर अशी लख्ख घासायची की तिच्यात तोंड दिसावं, आणि तिच्यात ‘ताजं’ पाणी. शिळ्या पोळीचा निदान कुस्करा तरी होतो. शिळ्या पाण्याची गत एकच, मोरी.

आता या ताज्या पाण्याचं वय बघा. पुण्याला पाणी पाजणारी पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही धरणं भरतात पावसाळ्यात. पाऊस सरला की त्यात नवी भर नाही. म्हणजे मे महिन्यात नळातून फुसफुसत येतं ते पाणी सात-आठ महिन्यांपूर्वी ढगातून उतरलेलं. इतके महिने धरणात मुकाट पडून राहिलं तेव्हा ते ताजं, आणि आमच्या घागरीत झाकणाखाली एक रात्र काढली की शिळं!

आरोग्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. एक दिवस, रोज नव्हे. आणि भांडं कोरडं करायचं म्हणजे पाणी मोरीतच ओतायचं, असं कुणी सांगितलंय?

पाणी वाचवा म्हणताना शॉवरऐवजी बादली, नळाला जाळी, आरओच्या बारक्या नळीतून वाहणारं पाणी फरशीला, हे सगळे सांगतात. चांगलंच आहे. ही रोजची ओतणूक मात्र कुणाच्या हिशेबात नसते, कारण ती स्वच्छतेत मोडते. खेड्यातल्या नळयोजनांना माणशी दिवसाला 55 लिटरचं माप धरलेलं असतं. एक घागर आणि एक कळशी ओतली की त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा गेला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत साधारण 50,000 लिटर. ते पाणी कधी भरलंय, असं तिथे कुणी विचारलं असेलसं वाटत नाही.

आमच्या घरी सध्या तह झालाय. कालचं पाणी फरशीला आणि धुण्याच्या पहिल्या पिळ्याला, देवाच्या तांब्यात तेवढं आजचं. आईपुढे मी धरणाचा सगळा हिशेब मांडला. तिने भाजी निवडता निवडता तो पूर्ण ऐकला आणि म्हणाली, “अगं, धरणातलं पाणी उघड्यावर असतं, उन्हावाऱ्यात. ते कशाला शिळं होतंय?”

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पण फरशी पुसायला ती कालचीच घागर घेते.