आईचं इन्सुलिन आणि गोळ्यांची रिकामी डबी

आज आईला घेऊन पुण्याहून दिल्लीला आलो. इन्सुलिनची पेनं हातातल्या पिशवीतच ठेवली होती. मोठ्या बॅगेत ती टाकायचीच नाहीत. विमानाच्या पोटात फार गारठा होऊ शकतो, आणि इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही कामाचं राहत नाही. बर्फाची पिशवीसुद्धा पेनांना थेट लावली नाही, मध्ये रुमाल गुंडाळला.

तपासणीत आमचा ट्रे बाजूला काढला तेव्हा आईचा चेहरा उतरला. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, सुया मूळ पाकिटातच होत्या. तिथल्या ताईंनी चिठ्ठी वाचली आणि आईला विचारलं, "माँजी, खाना खाया ना?" किती बरं वाटलं!

विमानात जेवणाआधी आईने डोस घेतला. मग सुईवर मोठं टोपण चढवून ती फिरवून काढली आणि कॅल्शियमच्या गोळ्यांच्या जाड डबीत टाकली. टुक् असा बारीक आवाज आला.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या अंगठ्यात कुणाच्या तरी घरची सुई घुसली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या रक्ततपासणीच्या धास्तीत होत्या. तेव्हापासून ही डबी. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांत अशा सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडायच्या. ओल्यात नाही, सुक्यातही नाही. आमची डबी भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून डॉक्टरांच्या दवाखान्यात देतो, ते घेतात. तुम्हीही आपल्या डॉक्टरांना विचारा, कृपा करून.

आई आत्ता झोपली आहे. डबी तिच्या पर्समध्ये, चष्म्याशेजारी.