कॅम्प कारिंगाल आणि बिस्किटांचा डबा

फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीत आलो तेव्हा जीपनीवाल्याच्या (जीपनी म्हणजे इथली शेअर गाडी) तोंडून "कारिंगाल, कारिंगाल" ऐकून मला ते एखाद्या पाड्याचं नाव वाटलं होतं. पोलीस क्लिअरन्स काढायला गेलो आणि कळलं, हे तर इथलं पोलीस मुख्यालय. संध्याकाळी घरमालकांना विचारलं. सत्तरीतले गृहस्थ, मिंदानाओ बेटावरच्या मिसामिस ओरिएंतालचे. आम्ही त्यांना 'तितो' म्हणतो, म्हणजे काका. म्हणाले, "पोलिसांतला जनरल होता तो. पण त्याच्यापेक्षा त्याला विचारलेला प्रश्नच जास्त जणांच्या लक्षात आहे."

प्रश्न विचारणारे होते माजी उपराष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल पेलायेझ, लोकांचे 'मानिंग'. 21 जुलै 1982 च्या रात्री, राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत, घरी परतताना याच शहरात त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. ड्रायव्हर ठार झाला, पेलायेझ रक्तबंबाळ. जनरल तोमास कारिंगाल समोर आले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या या माणसाने मारेकऱ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच: "जनरल, आपल्या देशाचं हे काय चाललंय?" दोन वर्षांनी, 1984 मध्ये, कारिंगाल स्वतःच गोळ्यांना बळी पडले आणि कॅम्पला त्यांचं नाव मिळालं.

तितोंना पेलायेझ म्हणजे गावचे. वडील ग्रेगोरियो पेलायेझ हे प्रांताचे गव्हर्नर. कागायान दे ओरोचं क्रीडासंकुल त्यांच्याच नावाचं. मुलगा 1938 च्या वकिलीच्या परीक्षेत देशात पहिला आला. मग खासदार, सिनेटर आणि 1961 मध्ये थेट उपराष्ट्राध्यक्ष, शिवाय परराष्ट्रमंत्री. बोर्निओ बेटावरच्या सबाहवर फिलिपिन्सने दावा सांगितला तो त्यांच्याच कारकिर्दीत, 1962 मध्ये. जून 1963 मध्ये मलाया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना मनिलात एका टेबलाशी बसवलं तेही त्यांनीच. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच मंत्रिपद सोडलं. हॅरी स्टोनहिल या अमेरिकी व्यापाऱ्याच्या लाचप्रकरणात त्यांच्याच सरकारने त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. उपराष्ट्राध्यक्षपद मात्र सोडलं नाही. इथे ते पद लोक वेगळं मत देऊन भरतात, राष्ट्राध्यक्षाला ते काढून घेता येत नाही.

पक्षही त्यांनी बरेच बदलले. लिबरल, नॅसिओनालिस्ता, परत लिबरल, परत नॅसिओनालिस्ता. 1964 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला गेले आणि पक्षाच्या अधिवेशनात हरले ते फर्डिनांड मार्कोस यांच्याकडून. पुढे मार्कोस यांच्याच छत्राखाली संसदेत बसले. तितोंपुढे मी याबद्दल जरा नाक मुरडलं, तर म्हणाले, "आमच्याकडे वीज कुणी आणली?" खरं आहे. 1969 चा ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा पेलायेझ यांचा. सहकारी संस्थांमार्फत खेड्यांत वीज, आणि सुरुवातीच्या संस्थांपैकी एक मिसामिस ओरिएंतालमध्येच. आपल्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज संस्थाही त्याच सुमाराची.

पण मला गुहागरकराला जवळचा वाटला तो नारळाचा भाग. इथे बऱ्याच ठिकाणी खोबरं उन्हात वाळवत बसत नाहीत. करवंट्या आणि सोडणं पेटवून वर जाळीवर वाट्या पसरतात. तांबूस रंग आणि धुरकट वास येतो त्या खोबऱ्याला. (आईला पाठवलेला फोटो पाहून ती म्हणाली, "खोबरं जळलंय रे.") 1971 मध्ये शंभर किलो खोबऱ्यामागे 55 सेंटाव्होची (शंभर सेंटाव्हो म्हणजे एक पेसो) पट्टी शेतकऱ्यांवर बसली. मार्शल लॉ आल्यावर, 1973 मध्ये, तिचे एकदम 15 पेसो झाले. त्या पैशातून बँक घेतली गेली, तेलगिरण्या घेतल्या गेल्या, आणि माडवाल्याच्या हाती आली पावती. मार्कोस यांच्याच बाजूला बसून या पट्टीविरुद्ध पेलायेझ बोलत राहिले. हल्ल्याचा संबंध अनेकांनी त्याच्याशी जोडला.

1986 मध्ये मार्कोस पळाले. नव्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी पेलायेझ यांना राजदूत म्हणून वॉशिंग्टनला धाडलं. तिथे ते 1992 पर्यंत होते. अमेरिकी लष्करी तळांचा करार इथल्या सिनेटने 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला, तेव्हाही तेच राजदूत. 2003 मध्ये वारले.

नारळाचे पैसे मात्र कोर्टातच फिरत राहिले. 2021 मध्ये कुठे शेतकऱ्यांसाठी 75 अब्ज पेसोंच्या निधीचा कायदा झाला. तितोंनी त्या दिवशी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत त्यांच्या वडिलांच्या पट्टीच्या पावत्या, रबरबँड लावलेल्या. वरची उघडायला गेलो तर घडीवरच फाटली. तितोंनी दोन्ही तुकडे नीट जुळवले, परत रबरबँड लावला आणि डबा होता तिथे ठेवून दिला.