कंपनी काढली, पण डोमेन माझ्याच नावावर

माझी एक छोटी ऑनलाइन सर्व्हिस आहे, लोक फाइली चढवतात आणि लिंक पाठवतात, बस. चार वर्षं एकट्यानेच चालवली. मग कुणीतरी भलत्याचेच फोटो चढवले आणि नुकसानभरपाईची नोटीस आली, थेट माझ्या नावाने. फोटो काढल्यावर प्रकरण मिटलं, पण झोप उडाली ती उडालीच, कारण कायद्याच्या लेखी ती सर्व्हिस म्हणजे मीच, कोर्टात हरलो असतो तर साठवलेले पैसे, घर, सगळ्यावर टाच आली असती.

वकिलाने १८९७ ची सॉलोमनची केस सांगितली. इंग्लंडमधला बूट बनवणारा माणूस, धंदा कंपनीत घातला, २०,००७ पैकी २०,००१ शेअर स्वतःकडे आणि बायको-मुलांना एकेक. कंपनी बुडाली तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने सांगितलं, कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा, कंपनीचं देणं त्याच्या डोक्यावर नाही. म्हटलं हेच पाहिजे आपल्याला.

रजिस्ट्रेशनचं काही विशेष नाही, फॉर्म भरा, सह्या करा. मी खूश. तर वकील विचारतो, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर? सर्व्हरचं बिल कुणाच्या कार्डावरून जातं? टर्म्समध्ये, म्हणजे वापराच्या अटींमध्ये, लोकांचा करार कुणाशी आहे? तिन्हीचं उत्तर मीच! म्हणजे कंपनी कपाटात आणि धंदा अजून माझाच. मग दोन महिने नुसतं ट्रान्सफर ट्रान्सफर चाललं होतं, कोडसुद्धा लेखी करार करून कंपनीला दिला.

बँकेचं खातं वेगळं काढलं तरी सवयीने त्यातून स्वतःचं मोबाइल बिल भरलं, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. पैसे असे मिसळले तर कोर्ट कंपनीचा पडदा बाजूला सारून तुमच्यापर्यंत येऊ शकतं म्हणे. सर्व्हरवाल्याने वैयक्तिक हमी मागितली होती, म्हणजे कंपनीने पैसे दिले नाहीत तर मी द्यायचे, ती मी दिली नाही, त्याऐवजी आगाऊ पैसे भरले, कारण हमीवर सही केली की त्या देण्यापुरती कंपनी असून नसल्यासारखीच.

आणि हो, कंपनीच्या आधीची जुनी लफडी माझ्याच डोक्यावर राहतात. तक्रार येऊनही मी स्वतः मुद्दाम दुर्लक्ष केलं तरी माझ्यावर केस होऊ शकते, म्हणून विमाही घेतला. आता कुठेही सही केली की खाली ‘कंपनीतर्फे, संचालक’ लिहितो. सपोर्टचा मेल तेवढा अजून माझ्या जुन्या आयडीवर येतोय, तो या आठवड्यात हलवायचाय.