तुम्ही विचारलंत म्हणून: एकच खोंड दोनदा का?

"डॉक्टर, खोंड एवढा देखणा, मग वळूसाठी पास करायला परत दोन महिन्यांनी कशाला?" आटपाडी, सांगोला, जत, कुठंही जा, हेच. वर दुसऱ्या खेपेचे पैसे घेतो म्हणून टोमणा. घेतो. पेट्रोल मलाही लागतं.

शिंगं, वशिंड, चाल तुम्हाला माझ्यापेक्षा कळते. मी पाय बघतो, टेपनं अंडकोशाचा घेर मोजतो. पुस्तकातला सव्वा वर्षाला 30 सेंटीमीटर हा आकडा परदेशी जातींचा. आपल्या खिलार जातीचा खोंड उशिरा वयात येतो, त्याला तो लावला तर चांगले खोंड हकनाक बाद होतील. मग वीर्य.

खरसुंडीच्या पौषी यात्रेआधीची एक पहाट. आण्णांचा कोसा खोंड, दोनदाती. आतून मालिश करून वीर्य काढलं, काचेवर घेऊन जोत्यावर ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सगळे शुक्राणू निपचित. पुन्हा एक थेंब, तेच. हात इतके गारठलेले की काच बोटांना जाणवतही नव्हती. मी कागदावर 'बाद' लिहिलं. आण्णा म्हणाले, "मग औताला तरी होईल." आठवड्यानं खच्ची केला. चिमटा मीच लावला.

त्या तपासणीच्या पंधरा दिवस आधी त्यानं फळवलेली शेजारच्या वस्तीवरची गाय दसऱ्याच्या सुमारास व्याली.

गार काचेवर चांगले शुक्राणूही थिजतात, हे मला कॉलेजातच शिकवलं होतं. तेव्हाचा मी अजून भांडतो: नमुना खराबच असेल, शिवारात दुसरेही खोंड मोकळे असतात, वासरू कुणाचं हे कोण सांगणार? बरोबर आहे. पण मी काच गरम केली नव्हती, हेही बरोबर आहे.

आणि काच गरम असली तरी शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. मध्यंतरी ताप येऊन गेला असेल, तर त्याचा फटका पुढच्या कित्येक आठवड्यांच्या वीर्यात दिसतो. म्हणून परत येतो. आता थर्मासात गरम पाणी असतं, काच त्यावर शेकतो.

आण्णांनी कधी विषय काढला नाही. मीही नाही.

तरी परवा दोनदा पास केलेला एक खोंड माजावरच्या गायीला नुसता हुंगून वैरणीकडं वळला. मालिश करून वीर्य मिळतं, इच्छा कळत नाही. मालकाचा फोन आला, अजून उचललेला नाही.